उलटा वाचलेला आकडा

*काकू, सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय 24, अमरावती विद्यापीठाचा बी.कॉम. दीड वर्षापासून गावच्याच ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. दिवसभर नमुना आठ म्हणजे घराच्या कराचे उतारे, मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, घरपट्टीच्या पावत्या. सर्व्हर चालला तर चालला, नाही तर लोकांच्या शिव्या मी खायच्या. मानधन दोन-तीन महिने अडकतं. सोबतचे दोघं पुण्याला हिंजवडीत आहेत, त्यांचे फोटो पाहत बसतो. परवा एका लग्नात नातेवाइकाने विचारलं, ‘काय करून रायला रे आजकाल?’ मी म्हटलं, ‘कॉम्प्युटरवर असतो.’ ग्रामपंचायत म्हणायची लाज वाटली. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत दोनदा राहिलो. घरी चार एकर कोरडवाहू. आई म्हणते, काम तर आहे ना. पण मला या कामात काहीच वाटत नाही, रोज तेच. यात समाधान शोधायचं कसं, की सोडून द्यायचं? आणि एक, घरचे लग्नाचा बायोडाटा करत आहेत. त्यात काय लिहू?*
*– एक ऑपरेटर*

बेटा,

‘कॉम्प्युटरवर असतो’ हे तुझं उत्तर वाचून हसू आलं. 1986 साली मीही असंच उत्तर द्यायची, ‘कचेरीत असते’. कचेरीत म्हणजे नेमकं कुठं, असं कोणी पुढे विचारलं की मी चहाचं बघायला उठायची. विदर्भातल्याच एका तहसिलीत, अभिलेख कक्षात, मी कनिष्ठ लिपिक होते. काम नकला देण्याचं, म्हणजे जुन्या नोंदींच्या प्रती. लोखंडी रॅक, रॅकवर कापडी रुमालांत बांधलेले बस्ते, बस्त्यांत कसर लागलेले फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी. पंखा लावला की सुटे कागद उडायचे म्हणून मे महिन्यातही पंखा बंद, आणि आपल्याकडचा मे कसा असतो ते तुला सांगायला नको. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तेव्हा नागपूरला बँकेत लागली होती. ती सुटीत माहेरी आली की मी तिच्या घरावरून जायचंच टाळायची.

तेव्हा आधी एवढं ऐक, तुझं काही बिघडलेलं नाही. चोविसाव्या वर्षी रोज नमुना आठ काढून कंटाळा आला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

समाधान शोधायचं कसं म्हणतोस. मी काही ते शोधलं नव्हतं. पहिलं दीड वर्ष तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्यात गेलं. मग माझ्या हातून एक चूक झाली.

एक म्हातारे शेतकरी होते. भावाभावांत वाटणीचा दावा चालू होता आणि कोर्टात जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. त्यांचं गाव तहसिलीपासून बावीस किलोमीटर. दिवसातून दोनदा एसटी, पावसाळ्यात मधला नाला भरला की तीही नाही. त्यांनी अर्ज दिला, मी बस्ता सोडला, पान शोधलं, नक्कल लिहिली, सही घेतली, शिक्का मारला. सर्व्हे नंबर होता 47. मी लिहिला 74. समोरच्या वकिलाने नेमका तेवढाच आकडा धरला आणि तारीख दोन महिने पुढे गेली. म्हातारबा परत आले. मला वाटलं आता सगळी कचेरी गोळा होणार. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, नक्कल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘बाई, तुमचंबी बरोबर हाय जी, लय कागदं असतात. पुन्यांदा लिहून द्या.’

शिव्या दिल्या असत्या तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते.

आमचे हेडक्लार्क पान खाणारे, एरवी कोणाशी चार शब्द न बोलणारे. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि जवळ बोलावलं. आकडा लिहून झाला की उलटा वाचायचा, म्हणाले. उजवीकडून डावीकडे, एकेक अंक, आधी मूळ कागदावर आणि मग नकलेवर. सरळ वाचलं तर डोळा आपल्याला जे लिहायचं होतं तेच वाचून मोकळा होतो. उलटं वाचताना त्याला प्रत्येक अंकापाशी थांबावं लागतं. आणि नावं मोठ्याने वाचायची, लाजायचं नाही.

खोली तीच राहिली, पगार तोच, पंखाही बंदच. पण मी मनातल्या मनात एक हिशोब ठेवायला लागले. या महिन्यात किती नकला गेल्या, त्यांतल्या किती परत आल्या. मग एक महिना असा आला की एकही परत आली नाही. त्या दिवशी घरी जाताना पाव किलो जिलेबी नेली. कशाबद्दल ते घरी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

तुझ्या पत्राला माझं उत्तर म्हटलं तर एवढंच आहे. तू दिवसाला किती एन्ट्री करतोस ते वरचे लोक मोजतात. मोजू दे, ते त्यांचं माप. तुझं माप तू वेगळं धर: माझ्या टेबलावरून गेलेलं माणूस त्याच कामासाठी परत आलं का?

तुझ्या टेबलावर हे माप कसं लागेल ते सांगते. जन्माच्या नोंदी तुझ्याकडे फार येत नसतील. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात आणि नोंद तिथल्या हद्दीत होते. पण माणसं अजून घरीच प्राण सोडतात. तेव्हा मृत्यूची नोंद घेऊ. तेरवी झाली की बाई दिराला घेऊन तुझ्याकडे येते. 21 दिवसांच्या आत आली तर बरं, नाही तर विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश. 1969 चा कायदा तुला पाठ असेलच. तू आडनाव विचारतोस. दीर सांगतो, ‘पिंपयकर’. आपल्याकडे ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो तसा. मेलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर आहे ‘पिंपळकर’. बँकेत कोणीतरी इंग्रजीवरून मराठी केलेलं, तिथे ‘पिंपलकर’. मागे दहा माणसं उभी, सर्व्हर आत्ता कुठे सुरू झालेला, कधी जाईल नेम नाही. तू ऐकलं तसं टाकून दिलंस तर काय होतं ते तू पाहत नाहीस, कारण ते तुझ्या खोलीत होत नाही. वारसाचा फेरफार अडतो तलाठ्याकडे. खात्यातले पैसे अडतात बँकेत. निराधारचा अर्ज अडतो तहसिलीत. आणि प्रत्येक ठिकाणी त्या बाईला एकच वाक्य ऐकायला मिळतं, नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा. एक खेप म्हणजे निंदणाची एका दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं.

म्हणून सबमिट दाबायच्या आधी मृताचं आधार आणि सातबारा दोन्ही माग. जे टाकलंस ते त्या बाईला मोठ्याने वाचून दाखव. दिराला नाही, तिला. इंग्रजी स्पेलिंग असेल तर एकेक अक्षर. तारीख उलटी वाच. जास्तीत जास्त दोन मिनिटं लागतात, मागचे लोक कुरकुरतील, कुरकुरू दे.

जन्माची नोंद क्वचित येत असली तरी तिचं वजन आता फार वाढलं आहे. आधीच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला नाही तर 1 जुलैला यायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकून दिली. तुझ्या बाबांच्या आधारवर बघ एकदा. गुरुजींची तारीख माणसाला पेन्शनपर्यंत पुरली. आता 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशाला, लायसनला, मतदार यादीला, सरकारी नोकरीला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. गुरुजींचा पेन फिरत फिरत तुझ्या की-बोर्डापर्यंत आला म्हण. आणि हो, बाळाचं नाव ठरलं नसेल तर कोणाच्या तरी तोंडाला येईल ते ‘बाळू’ टाकू नको. रकाना रिकामा ठेवता येतो. वर्षभरात नाव फुकट भरता येतं आणि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. गावात हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

एक शंभर पानी वही आण. जो माणूस त्याच कामासाठी दुसऱ्यांदा येईल त्याच्यापुढे कारण लिही, दोन शब्दांत. नाव जुळत नाही. सही राहिली. सर्व्हर. कागद आणला नाही. महिनाभराने वही चाळ. मी सांगते, अर्ध्याहून जास्त खेपा दोन-तीन कारणांपायीच निघतील आणि त्यांतलं एक तरी तुझ्या हातातलं असेल. कागद न आणल्याने खेपा होत असतील तर प्रत्येक दाखल्याला काय लागतं ते ठळक अक्षरात लिहून दाराबाहेर लाव. दाराबाहेर, आत नाही. आत लावलेलं वाचायला माणूस आधी रांगेत उभा राहतो. सही राहत असेल तर ग्रामसेवक कोणत्या वारी हमखास असतात तेही तिथेच लिही, त्यांना विचारून. सर्व्हर तुझ्या हातात नाही, पण माणसाला बसवून न ठेवणं तुझ्या हातात आहे. मोबाइल नंबर लिहून घे, ‘झालं की फोन करतो’ म्हण आणि फोन कर. पहिले आठ दिवस कोणी विश्वास ठेवणार नाही. पुढे काय होतं ते मला लिहून कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

आता एक प्रसंग सांगते. मी तेव्हा बरीच जुनी झाले होते, कक्षात माझ्या हाताखाली दोघं होते. एक गृहस्थ आले, मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला, जात पडताळणी अडलेली. ओबीसीला पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणजे शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात नाव नाही. जमीन नव्हती, म्हणजे फेरफार नाही. उरलं कोतवाल बुक. तू पाहिलं आहेस की नाही माहीत नाही. जुन्या मध्यप्रांतापासूनची गावोगावच्या जन्ममृत्यूची वही, आमच्याकडे एका रॅकवर गावनिहाय बांधलेली असायची. काही पानं मोडीत, काही बाळबोध अक्षरात. चार दिवस त्या माणसाने आणि आमच्या पोरांनी पानं उलटली. चौथ्या दिवशी मुलीच्या पणजोबांचा मृत्यू सापडला, 1938 सालचा. नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव, कारण ताप. अक्षर एवढं स्वच्छ की शाई तपकिरी झाली तरी एक काना खोडलेला नाही. त्या गृहस्थांनी पानाला हात लावून तो कपाळाला लावला. मला जरा अवघडल्यासारखं झालं, कागद नाजूक होता.

हे पान मी विसरले नाही, पण त्याच आठवड्यातलं दुसरं पान जास्त लक्षात आहे. दुसऱ्या एका गावची वही, दुसरं कुटुंब, हीच अडचण. नोंद सापडली. पण मृताच्या नावापुढे बापाचं नाव नाही आणि जातीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसत्या टिंब्या, ‘वरीलप्रमाणे’च्या. वर बघावं तर वरचं पान फाटून गेलेलं. मृत्यूच्या कारणातही सगळ्यांना ताप. साप चावून गेला असेल त्यालाही ताप. त्या दिवशी कोणीतरी कंटाळलेलं होतं. बिचाऱ्याला दोष तरी काय द्यायचा, गावात पटकी आली असेल, दिवसाला चार मढी उठत असतील. पण ते लोक रिकाम्या हाताने गेले.

पहिलं पान कोणी लिहिलं ते मी खूप शोधलं. लिहिणाऱ्याचं नाव वहीत कुठेच नाही.

असो. आता पैशाचं बोलू, कारण तुझ्या आईला मी ओळखते. म्हणजे तुझ्या आईला नाही, पण ‘काम तर आहे ना’ म्हणणाऱ्या सगळ्या आयांना. समाधान आणि मानधन या दोन वेगळ्या पावत्या आहेत. एकीची वसुली दुसरीत दाखवायला कोणी सांगितलं तर सही करू नको. आपल्याकडे असा विषय निघाला की लगेच गाडगेबाबांचा खराटा काढतात. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात त्याच गावाचे कान उपटायचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहे. पण बाबा घरसंसार सोडून निघालेले होते, त्यांच्यामागे मोटारसायकलचा हप्ता नव्हता. तीन महिने पगार न झालेल्या पोराला बाबांचा दाखला देणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांचा स्वतःचा पगार मात्र एक तारखेला व्हायचा.

तेव्हा नेमणुकीचा कागद, हजेरी आणि बँकेचं स्टेटमेंट यांची एक फाइल घरी ठेव. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा क्रमांक, काढून खात्यात खरंच जमा होतो का ते बघ. मानधन अडकलं तर एकट्याने साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहू नको. तालुक्यातले सगळे ऑपरेटर मिळून एक लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. कचेरीला तोंडी बोललेलं ऐकू येत नाही, हे मी कचेरीत बसूनच शिकले.

सोडायचं की नाही? आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. पैसे किती, धान्य किती, उचल किती, सगळं त्या दिवशी बोलायचं. पुढच्या पाडव्याला दोघंही मोकळे, पटलं तर राहायचं नाही तर दुसरं घर. तूही या नोकरीशी असाच पाडवा ते पाडवा करार कर. वर्ष संपताना स्वतःला एकच विचार: मागच्या पाडव्याला जे येत नव्हतं त्यातलं आज काय येतं? काहीच येत नसेल तर सोड, मग आई काहीही म्हणो. नुसता कंटाळा आला म्हणून सोडू नको. कंटाळा पुण्यालाही आहे. तुझ्या मित्राला विचार, तो दिवसभर काय करतो. माझा भाचा तिथे आहे, तो सांगतो की सकाळी चाळीस तक्रारी स्क्रीनवर येतात आणि संध्याकाळपर्यंत त्या बंद करायच्या. तक्रार कोणाची, माणूस कोण, त्याला कधी दिसत नाही. कॅन्टीन चांगलं आहे म्हणतो.

शिकायला तुझ्या खोलीत काय आहे? तू बी.कॉम. आहेस आणि तुझ्या हाताशी नमुना पाच आहे, ग्रामपंचायतीची रोकडवही. ती ग्रामसेवकांकडून समजून घे. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर हिशोब कसा चढतो, लेखापरीक्षणात आक्षेप कशावर निघतो, हे ज्याला कळतं असा पोरगा तालुक्यात फार सापडत नाही. दुसरं म्हणजे, तू दिवसभर टाइप करतोस, पण टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेली नाहीस अशी माझी पैज. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं सर्टिफिकेट लागतं. तुझी बोटं तयार आहेत, कागद तेवढा नाही. हे या वर्षात उरकून टाक.

एमपीएससीचं थोडक्यात सांगते, कारण यावर तुला सगळेच सांगत असतील. दोनदा पूर्वपरीक्षेत राहणं म्हणजे नालायकी नव्हे. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. पण खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 38 पर्यंत आहे, आणि मला भीती वाटते ती या आकड्याची. मोकळा रस्ता दिसतो म्हणून पोरं चालत राहतात आणि पस्तिशीत मागे वळून पाहतात. अजून किती वेळा बसणार तो आकडा आजच डायरीत लिही आणि आईला दाखवून ठेव. दोन लिही, तीन लिही, पण लिही. आणि तोवर दिवसाच्या कामाकडे ‘हे काय, माझी पोस्ट निघेपर्यंत’ असं बघू नको. तसं बघत बसलं की दिवस फार लांब होतो, रात्री पुस्तक उघडायलाही जीव राहत नाही. मी स्वतः एका खातेपरीक्षेच्या नादात एक अख्खं वर्ष असं घालवलं आहे. नकलाही धड दिल्या नाहीत आणि परीक्षाही गेली.

राहिला बायोडाटा. ‘खासगी नोकरी’ असं मोघम लिहू नको, मुलीकडचे लगेच फोन करून विचारतात आणि मग तुझ्या बाबांची त्रेधा उडते. ‘संगणक ऑपरेटर, ग्रामपंचायत’ असं सरळ लिही, गावाच्या नावासकट. मानधनाचा आकडा खरा टाक, चार एकर कोरडवाहू आहे तर कोरडवाहूच लिही, विहिरीचं काम सुरू आहे वगैरे लावू नको. एखादं स्थळ त्यावरून मागे हटेल. हटू दे, ते पुढे साखरपुड्यात हटण्यापेक्षा बरं. लग्नाचं मला फारसं कळत नाही, माझं स्वतःचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं होतं, ‘नकला देता म्हणजे नेमकं काय करता?’ मी अर्धा तास सांगत होते, ते ऐकत होते. चहा गार झाला.

छापायला देण्याआधी बायोडाट्यातला मोबाइल नंबर मात्र उलटा वाचून बघ.